दोन प्रदेशांतल्या पगारातला फरक तपासायचा कसा, आणि ‘संस्कृती’ला सगळ्यात शेवटी का बोलवायचं

"तिकडची माणसं मुळातच कष्टाळू, म्हणून तिकडे पगार जास्त." जगात कुठेही जा, हे वाक्य कुणीतरी कुणाबद्दल तरी बोलत असतंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. ते चूकच असतं असं मी म्हणत नाही, पण तपासलेलं मात्र नसतं. आणि तपासायला बसलं की कळतं की हा विषय दिसतो तेवढा सोपा नाहीये, कारण पगार, संस्कृती आणि प्रदेशाचा विकास या तिन्ही गोष्टी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या असतात की कुठला धागा ओढला तर काय हलतंय हेच समजत नाही.

ज्यांना रिग्रेशन म्हणजे काय हे साधारण माहितीये, एक्सेलच्या पुढे जाऊन स्टाटा किंवा आर थोडंफार चालवता येतं, आणि आता प्रोजेक्ट किंवा थिसिससाठी असा काहीतरी विषय घ्यायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की संस्कृती हे उत्तर शेवटी यायला पाहिजे, आणि तेही स्वतःचा पुरावा घेऊन. बाकी सगळं वजा करून जे उरलं त्याला संस्कृती म्हणायचं ही सवय फार पसरलीये. उरलेला फरक म्हणजे फक्त तुम्ही न मोजलेल्या गोष्टींची टोपली, तिच्यात संस्कृतीही असेल, खराब डेटाही असेल, आणि तुम्ही विसरलेला एखादा कायदाही असेल.

आधी प्रश्न छोटा करा

"संस्कृतीचा विकासावर परिणाम" हा प्रश्नच नाहीये, ते चर्चासत्राचं नाव झालं. चार गोष्टी एका वाक्यात बसल्या पाहिजेत: कुठली सवय किंवा समजूत, तिचा कशावर परिणाम, कुठल्या वाटेने, आणि कुणाची तुलना कुणाशी.

रकेल फर्नांडिस आणि अलेसांड्रा फोग्ली यांचा २००९ चा पेपर यासाठी बघण्यासारखा आहे. त्यांनी "संस्कृती" असं मोघम न ठेवता विचारलं की अमेरिकेत जन्मलेल्या, पण आईवडील दुसऱ्या देशातून आलेले आहेत अशा बायका बाहेर किती काम करतात, आणि त्याचा संबंध त्यांच्या मूळ देशात १९५० च्या सुमारास किती बायका कामाला जायच्या याच्याशी लागतो का. बायका सगळ्या अमेरिकेतच, कायदे तेच, बाजार तोच, बदलतंय ते फक्त घरातून आलेलं वळण. संबंध लागला. आता बघा, इथे समजूत ठरलेली आहे, परिणाम ठरलेला आहे, तुलना ठरलेली आहे. तुमचा प्रश्न असा होत नसेल तर डेटा डाउनलोड करायला घेऊच नका, कारण मग तुम्ही सहा महिने नुसते फोल्डर भरत बसता.

पगार म्हणजे नक्की कुठला पगार

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक पटकन उरकतात, आणि निम्म्या पेपरांमध्ये पाणी इथेच मुरत असतं.

महिन्याचा पगार घेतला तर त्यात तासांचा फरक मिसळतो, एका प्रदेशात पार्ट टाइम काम जास्त असेल तर तो प्रदेश उगाच गरीब दिसतो. म्हणून जमेल तिथे तासाचा पगार घ्या. कर कापण्याआधीचा की नंतरचा हे ठरवा आणि मग बदलू नका. डेटात कोण आहे आणि कोण नाही हे बघा, कारण पगाराच्या बहुतेक सरकारी नोंदींमध्ये स्वतःचा धंदा करणारे नसतात, आणि नोंद नसलेल्या कामावरचे तर अजिबात नसतात. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी सामाजिक विम्याच्या, नोंदी छान असतात, माणूस वर्षानुवर्षं सापडत राहतो, पण तिथे वरचा टप्पा कापलेला असू शकतो. जर्मनीच्या अशा डेटात विम्याचा हप्ता ज्या रकमेपर्यंत भरायचा असतो तिच्या वरचा पगार दिसतच नाही, सगळे मोठे पगारवाले त्या एकाच आकड्यावर उभे असतात. मग शहरातल्या पदवीधरांचा पगार आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि प्रदेशांमधला फरकही लहान दिसतो.

अजून एक, ज्यांना काम नाही त्यांचा पगारच नसतो. ऐकायला अगदीच बाळबोध वाटतं, पण याच्यामुळे सरासरी उलट्या दिशेला पळते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत तासाचा सरासरी पगार एकदम वर गेला. कुणाचा पगार वाढला म्हणून नाही, तर हॉटेलं आणि दुकानांमधल्या कमी पगाराच्या लोकांचं कामच गेलं आणि ते सरासरीतून बाहेर पडले. दोन प्रदेशांची तुलना करतानाही हेच होतं, जिथे बेकारी जास्त तिथे उरलेल्यांची सरासरी फुगलेली असू शकते. म्हणून पगाराच्या टेबलाशेजारी कामावर असलेल्यांचं प्रमाण द्यायचंच, ते नसेल तर मी तरी असल्या टेबलावर विश्वास ठेवत नाही.

मग प्रश्न येतो की माणूस राहतो कुठे आणि कमावतो कुठे. लक्झेंबर्गमध्ये कामाला असलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक शेजारच्या देशांतून रोज येजा करतात. ते तिथल्या उत्पादनात धरले जातात पण लोकसंख्येत नाहीत, त्यामुळे दरडोई जीडीपी आकाशाला भिडतो. तुम्ही संस्कृतीचा सर्व्हे राहत्या ठिकाणी केलेला आणि पगार कामाच्या ठिकाणचा, असं जोडलंत तर वेगवेगळ्या माणसांचं लग्न लावून ठेवलंत.

आणि किमती. मोठ्या शहरात पगार जास्त असतो पण घरभाडं पण डोक्यावर बसतं. अमेरिकेत ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिस राज्यं आणि शहरांसाठी किमतींची सापेक्ष पातळी काढतं, ती वापरता येते. युरोपात गंमत अशी आहे की युरोस्टॅटचे (युरोपियन युनियनच्या सांख्यिकी कार्यालयाचे) प्रदेशांचे आकडे क्रयशक्तीनुसार बदलून दिलेले दिसतात, पण ते बदल देशाच्या सरासरी किमतीने केलेले असतात, प्रदेशाच्या नाही. म्हणजे एकाच देशातल्या महाग आणि स्वस्त भागांना एकच भाव लागतो. हे माहीत नसेल तर "आम्ही किमतींसाठी अॅडजस्ट केलंय" असं लिहून मोकळे व्हाल आणि देशातल्या देशात काहीच अॅडजस्ट झालेलं नसेल.

लॉगबद्दल एकच सांगतो. पगाराचा लॉग घेतला की रिग्रेशनमधून निघणारा सहगुणक (कोएफिशियंट) साधारण टक्क्यांसारखा वाचता येतो, पण लहान असेल तोवरच. ०.१० म्हणजे १०.५ टक्के, ठीक आहे. ०.५० म्हणजे ५० टक्के नाही, जवळजवळ ६५ टक्के होतात.

माणसं वेगळी की जागा वेगळी

इथे कागद पेन घ्या. समजा पहिल्या प्रदेशात १०० पैकी ६० जण पदवीवाले, दुसऱ्यात ३०. दोन्हीकडे पदवीवाल्याला तासाला ४० मिळतात. बिनपदवीवाल्याला पहिल्या प्रदेशात २०, दुसऱ्यात १८. सरासरी काढा: पहिल्यात ३२, दुसऱ्यात २४.६. फरक ७.४.

आता यातला किती फरक "माणसं वेगळी आहेत" म्हणून? पहिल्या प्रदेशाचे पगार धरले तर पदवीधरांचं जास्तीचं प्रमाण ०.३ गुणिले २० म्हणजे ६, आणि उरलेले १.४ हे "त्याच माणसाला वेगळा पगार" म्हणून. पण दुसऱ्या प्रदेशाचे पगार धरले तर ०.३ गुणिले २२ म्हणजे ६.६, आणि उरतात फक्त ०.८. डेटा तोच, फरक तोच, पण न समजलेला भाग जवळपास निम्म्यावर आला, फक्त तुम्ही तुलनेला कुणाला धरलं त्यावर. याला ओआक्साका ब्लाइंडर पद्धत म्हणतात, दोघांचेही पेपर १९७३ चे, आणि लोकसंख्याशास्त्रात एव्हलिन किटागावांनी हेच १९५५ मध्ये केलं होतं. दोन्ही बाजूंनी काढा आणि दोन्ही छापा. एकच छापलेला असेल तर वाचणाऱ्याने दुसरा कुठे गेला हे विचारावं.

बरं, पण शिक्षण, वय, अनुभव एवढं धरलं तरी माणसं सारखी होत नाहीत. हुशार, धडपडी माणसं मोठ्या शहरांकडे सरकतात. म्हणून शक्य असेल तर तोच माणूस वेगवेगळ्या वर्षांत दिसेल असा डेटा शोधा. १९९९ मध्ये अबाउड, क्रामार्झ आणि मार्गोलिस यांनी फ्रान्सच्या डेटावर जे केलं त्यावरून ही पद्धत रूढ झाली: प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा स्थिर भाग आणि प्रत्येक कंपनीला तिचा. प्रदेशासाठी पण तेच करता येतं. यात मेख अशी की माहिती फक्त जागा बदलणाऱ्यांकडूनच येते, जे हललेच नाहीत ते प्रदेशाच्या परिणामाबद्दल काहीच सांगू शकत नाहीत. तेव्हा एखाद्या प्रदेशातून आत बाहेर जाणारे मोजकेच असतील तर तिथला आकडा नुसता गोंगाट असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. किती लोक हलले याची संख्या प्रदेशानुसार आधी मोजा, मग मॉडेल चालवा.

फ्रान्सवर कोम्ब, दुरांतों आणि गोबिलों यांनी २००८ मध्ये दाखवलं की प्रदेशांमधल्या पगारफरकाचा बराच मोठा भाग हा कुठली माणसं कुठे राहतात यातूनच येतो. स्पेनवर दे ला रोका आणि पुगा यांचा २०१७ चा पेपर अजून एक पापुद्रा काढतो, मोठ्या शहरात मिळवलेला अनुभव जास्त मोलाचा ठरतो आणि माणूस शहर सोडून गेला तरी तो फायदा बराचसा सोबत जातो. म्हणजे "जागेचा परिणाम" आणि "माणसाचा गुण" अशी सरळ रेघ मारता येत नाही, जागा हळूहळू माणसात उतरते. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात रोचक भाग आहे आणि संस्कृतीवाल्या पेपरांमध्ये याची फारशी दखल घेतली जात नाही.

कायद्याकडे बघायचं राहून जातं

इटली घ्या. उत्तर आणि दक्षिण यांच्यातला विश्वासाचा, नागरी सवयींचा फरक यावर रॉबर्ट पटनम यांच्या १९९३ च्या कामापासून ढीगभर लिहिलं गेलंय. पण तिथे पगार मोठ्या प्रमाणात देशपातळीवरच्या, उद्योगनिहाय करारांमधून ठरतात. १९६९ मध्ये प्रदेशानुसार वेगळे किमान पगार ठेवायची जुनी पद्धत मोडीत निघाली. बोएरी, इकिनो, मोरेत्ती आणि पॉश यांनी २०२१ मध्ये इटली आणि जर्मनीची तुलना केली. इटलीत उत्पादकतेत मोठा फरक असूनही पगार त्या मानाने सारखेच राहतात, आणि त्याची किंमत दक्षिणेत काम न मिळण्याच्या रूपात मोजली जाते, जर्मनीत पगार स्थानिक परिस्थितीप्रमाणे जास्त हलतात. आता तुम्ही दक्षिण इटलीतली बेकारी घेऊन तिच्यावर "कामाबद्दलची वृत्ती" चिकटवली तर करार कुठे गेला? म्हणून पगार ठरतो कसा, करार कोण करतं, किमान वेतन किती, सरकारी नोकऱ्या किती, हे सगळं आधी एका पानावर लिहून काढा. रिग्रेशनच्या आधी.

संस्कृती मोजायची कशाने

सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रश्न हा: साधारणपणे बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, की लोकांशी वागताना खूप जपून राहावं लागतं? वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे १९८१ पासून हे विचारतोय. नॉर्वे, स्वीडनमध्ये निम्म्याहून बरेच जास्त लोक विश्वास ठेवता येतो म्हणतात, ब्राझीलमध्ये दहातला एकही नाही.

पण "बहुतेक लोक" म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यासमोर कोण येतं? काही ठिकाणी अनोळखी माणसं, काही ठिकाणी आपलेच नातेवाईक आणि आळीतले. मग तुलना वाकडी होते. दुसरी अडचण म्हणजे हे सर्व्हे देशासाठी आखलेले असतात, एका प्रदेशात शंभर सव्वाशे लोकच सापडतात, आणि त्यांची सरासरी डळमळीत असते. अशी डळमळीत गोष्ट रिग्रेशनच्या उजव्या बाजूला, म्हणजे कारण म्हणून, टाकली की सहगुणक शून्याकडे ओढला जातो. सर्व्हेच्या अनेक फेऱ्या एकत्र करा, नाहीतर प्रदेश मोठा धरा.

शक्य असेल तर बोलण्यापेक्षा वागणं मोजा. यातलं माझं आवडतं उदाहरण फिसमन आणि मिगेल यांचं, २००७. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचे राजदूत वगैरे मंडळींना पार्किंगचा दंड भरावाच लागायचा नाही, राजनैतिक संरक्षण होतं. म्हणजे एकाच शहरात, एकाच नियमाखाली, शिक्षेची भीती शून्य असताना कोण कसं वागतं हे उघडं पडलं. ज्या देशांमध्ये भ्रष्टाचार जास्त मानला जातो तिथल्या लोकांची थकलेली पावती जास्त निघाली. घरचं वळण सोबत आलं. पण गोष्ट तिथे संपत नाही, २००२ च्या ऑक्टोबरात शहराला कारवाईचे अधिकार मिळाले, दंड थकवला तर खास नंबरप्लेट काढून घेता येऊ लागली, आणि न भरलेल्या पावत्या जवळपास ९८ टक्क्यांनी कमी झाल्या. संस्कृती होती, आणि कायद्याने तिला दोन दिवसांत गप्प पण बसवलं. दोन्ही गोष्टी एकाच पेपरात. लोक पहिला अर्धाच सांगत फिरतात.

तुलना आणायची कुठून

इथेच घोडं पेंड खातं. श्रीमंत प्रदेशात विश्वास जास्त, हे दिसतं. पण विश्वासामुळे श्रीमंती की श्रीमंतीमुळे विश्वास? यातून सुटायच्या तीन वाटा लोक वापरतात.

एक म्हणजे सीमा. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन आणि फ्रेंच बोलणाऱ्या भागांची भाषेची रेघ काही कँटनच्या (तिथल्या राज्यांच्या) मधूनच जाते, म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूला तेच कायदे, तोच कर, तोच रोजगार बाजार, आणि तरी फ्रेंच बाजूच्या बेकार लोकांना काम मिळायला जास्त वेळ लागतो. सीमा निवडताना बघायचं की तिथे अजून काय काय बदलतं. मेलिसा डेल यांचा २०१० चा पेरूवरचा पेपर या बाबतीत शिकण्यासारखा आहे. १५७३ ते १८१२ या काळात स्पॅनिश सत्तेने ठरावीक हद्दीतल्या गावांकडून पोतोसीची चांदीची आणि हुआनकाव्हेलिकाची पाऱ्याची खाण चालवायला प्रौढ पुरुषांपैकी एक सप्तमांश लोक सक्तीने मागितले. हद्दीच्या आतली आणि लगेच बाहेरची गावं आज बघितली तर आतल्या घरांचा खर्च साधारण एक चतुर्थांशाने कमी आहे. डेल आधी उंची, उतार असल्या गोष्टी हद्दीवर सारख्या आहेत का ते तपासतात, आणि जिथे सारख्या नाहीत तो हद्दीचा तुकडा सोडून देतात. तुम्हीही आधी तेच करा. सीमेवर डोंगर उभा असेल तर तुम्ही संस्कृती नाही, डोंगर मोजताय.

दुसरी वाट, हललेली माणसं. फर्नांडिस फोग्ली वर आलंच. नन आणि वांचेकोन यांनी २०११ मध्ये आफ्रिकेत दाखवलं की ज्या समाजांमधून गुलामांच्या व्यापारात जास्त माणसं नेली गेली त्या समाजातली आजची माणसं शेजाऱ्यांवर, नातेवाइकांवरही कमी विश्वास ठेवतात. मग त्यांनी असा प्रश्न घातला की हे माणसाच्या आतलं आहे की तो राहतो त्या जागेच्या बिघडलेल्या संस्थांचं? त्यासाठी मूळ जागा सोडून दुसरीकडे राहणारे लोक घेतले, आणि माणसाच्या समाजाचा इतिहास आणि राहत्या जागेचा इतिहास दोन वेगळे स्तंभ करून टाकले. दोन्हींचा परिणाम निघाला, आतल्याचा जास्त. आणि किनाऱ्यापासूनचं अंतर त्यांनी साधन (इन्स्ट्रुमेंट) म्हणून वापरलं होतं, म्हणजे विश्वासावर फक्त गुलामांच्या व्यापाराच्या वाटेनेच परिणाम करेल अशी गोष्ट म्हणून, तर ते अंतर आफ्रिकेबाहेर, जिथे हा व्यापार झालाच नाही तिथे, विश्वासाशी जुळतं का तेही पाहिलं. जुळत नाही. अशी खोटी चाचणी, म्हणजे जिथे परिणाम यायलाच नको तिथे जाऊन बघणं, ही मला दहा कंट्रोल व्हेरिएबलपेक्षा (तुलना सारखी व्हावी म्हणून रिग्रेशनमध्ये घातलेल्या इतर गोष्टींपेक्षा) जास्त पटते. फक्त हललेली माणसं ही न हललेल्यांसारखी नसतात, हे प्रत्येक वेळी कबूल करावं लागतं.

तिसरी वाट पगाराच्या बाजूने, धोरण बदललं तो क्षण. कार्ड आणि क्रुगर, १९९४. न्यू जर्सीत १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नाही. ४१० फास्ट फूड दुकानांना आधी आणि नंतर विचारलं. न्यू जर्सीत दर दुकानामागे पूर्णवेळ धरून कामगार २०.४४ वरून २१.०३ झाले, पेनसिल्व्हेनियात २३.३३ वरून २१.१७. एकीकडे ०.५९ वाढ, दुसरीकडे २.१६ घट, फरकातला फरक सुमारे पावणेतीन. आता नीट बघा, हा आकडा मुख्यतः पेनसिल्व्हेनियाच्या घटीतून येतोय. म्हणजे सगळं या गृहीतावर उभं आहे की वेतन वाढलं नसतं तर न्यू जर्सीतही तशीच घट झाली असती. न्यूमार्क आणि वॉशर यांनी २००० मध्ये पगारपत्रकांचा डेटा घेऊन वेगळं उत्तर काढलं, त्यावर कार्ड क्रुगरांनी परत उत्तर दिलं, वाद बराच रंगला. डेव्हिड कार्डना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं. तुम्ही ही फरकातल्या फरकाची पद्धत (डिफ इन डिफ) वापरणार असाल तर बदलाच्या आधीची बरीच वर्षं दाखवा, दोन्ही रेघा समांतर चालत होत्या का ते डोळ्यांना दिसू द्या. आणि वेगवेगळ्या प्रदेशांत बदल वेगवेगळ्या वर्षी आला असेल तर जुनी साधी दुहेरी फिक्स्ड इफेक्टची (प्रत्येक प्रदेशाचा आणि प्रत्येक वर्षाचा आपापला स्थिर भाग धरणारी) पद्धत सरळ वापरू नका, गुडमन बेकन यांच्या २०२१ च्या पेपरानंतर आता तेवढं चालवून घेत नाहीत.

स्टँडर्ड एररवर घाम गाळा

स्टँडर्ड एरर म्हणजे तुमचा आकडा किती डळमळीत आहे याचं माप. माणसं पन्नास हजार असली तरी संस्कृती प्रदेशाची असेल तर तुमच्याकडे खरे बिंदू प्रदेश असतील तेवढेच. तबेलिनी यांच्या २०१० च्या गाजलेल्या पेपरात युरोपातल्या आठ देशांचे ६९ प्रदेश आहेत, त्यात देशाचे फिक्स्ड इफेक्ट टाकले की उरलं किती ते बघा. माणसांवर रिग्रेशन करून क्लस्टर न करता (एका प्रदेशातली माणसं एकमेकांसारखी असतात हे न धरता) तीन तारे, म्हणजे निकाल एकदम पक्का असल्याची खूण, छापणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. बर्ट्रांड, दुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये अमेरिकेच्या पगाराच्या डेटावर मनाने बनवलेले खोटे कायदे टाकून पाहिले, जे कधी झालेच नाहीत ते. नेहमीच्या पद्धतीने पाच टक्के पातळीवर या खोट्या कायद्यांचा "परिणाम" ४५ टक्के वेळा निघाला. पाच टक्के निघायला पाहिजे होता.

आणि प्रदेश एकमेकांना चिकटलेले असतात. शेजारच्याचं हवामान, रस्ते, भाषा, सगळं आपल्यासारखंच. मॉर्गन केली यांनी २०१९ च्या पेपरात इतिहासाचा आजवर परिणाम सांगणारे बरेच नावाजलेले निकाल घेतले आणि खऱ्या व्हेरिएबलच्या जागी नकाशावर ओघळल्यासारखा पसरणारा नुसता यादृच्छिक गोंगाट टाकला, तर कित्येकदा त्या गोंगाटानेही आजचा फरक तितकाच छान "समजावला". हे घरी करता येतं. तुमच्या प्रदेशांचे अक्षांश रेखांश घ्या, जवळच्यांना जवळची किंमत मिळेल असा खोटा व्हेरिएबल हजार वेळा बनवा, आणि तुमचा खरा सहगुणक त्या हजारांत कुठे बसतो ते बघा. मधोमध बसला तर पेपर लिहायची घाई करू नका. प्रदेशांच्या हद्दी बदलूनही बघा, युरोपात आकडेवारीसाठी पाडलेल्या प्रदेशांची एनयूटीएस दोन ही पातळी म्हणजे आठ ते तीस लाख लोकसंख्येचे तुकडे, त्याखालच्या पातळीवर गेलं की निकाल टिकतो का.

कंट्रोल टाकताना

जास्त कंट्रोल म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. बेकर आणि वोसमन यांनी २००९ मध्ये १९ व्या शतकातल्या प्रशियाचे (तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याचे) ४५२ जिल्हे घेऊन प्रॉटेस्टंट धर्माच्या शिकवणीमुळे भरभराट होते हा समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचा जुना दावा तपासला. प्रॉटेस्टंट भाग खरोखर जास्त संपन्न निघाले. पण साक्षरता धरली की फरक जवळपास विरून गेला, म्हणजे बायबल स्वतः वाचायचं म्हणून लोक वाचायला शिकले आणि फायदा तिथून आला असं त्यांचं म्हणणं. आता समजा तुम्ही पहिल्याच रिग्रेशनमध्ये साक्षरता कंट्रोल म्हणून घातली असती, तर "धर्माचा काही परिणाम नाही" असं लिहून मोकळे झाला असता. ज्या वाटेने परिणाम जातो तीच वाट बंद करून मग परिणाम नाही म्हणायचं, असं होतं ते. तेव्हा कारणाच्या आधी ठरलेल्या गोष्टी, जसं की भूगोल, समुद्राचं अंतर, जमिनीचा पोत, या बिनधास्त घाला. नंतर घडलेल्या गोष्टी, शिक्षण, व्यवसाय, स्थलांतर, या वेगळ्या टेबलात. आणि हो, कांतोनी यांनी २०१५ मध्ये २७२ शहरांवर, १३०० ते १९०० पर्यंतच्या लोकसंख्येवर तोच प्रॉटेस्टंट प्रश्न विचारला तर शहरांच्या वाढीवर परिणाम सापडला नाही. मोजमाप बदललं, नमुना बदलला, उत्तर बदललं. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा.

लिहायला बसल्यावर

मूळ डेटाच्या फाइलला हात लावायचा नाही, सगळी सफाई कोडमध्ये. कुठल्या टप्प्यावर किती ओळी गळाल्या हे कोडनेच छापू द्या. नकाशे कमी टाका, रंग बदलले की नकाशा हवं ते सांगतो.

निकाल शून्याजवळ आला तर बहुतेक जण नाराज होऊन विषय बदलतात, ते करू नका, आधी विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटर्व्हल) बघा, म्हणजे डेटाशी जुळणारे परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकतात ते. समजा विश्वासाच्या मोजमापात एक स्टँडर्ड डेव्हिएशनची वाढ झाली की लॉग पगार ०.०२ ने बदलतो असं निघालं. अंतर उणे ०.०१ ते ०.०५ असेल तर तुम्ही काहीतरी शिकलात: परिणाम असलाच तर पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे दोन प्रदेशांमधला तीस टक्क्यांचा फरक त्याच्या एकट्याच्या जिवावर उभा राहू शकत नाही. अंतर उणे ०.३० ते ०.३४ असेल तर तुमच्या डेटाला या प्रश्नाबद्दल काहीच बोलता येत नाहीये, आणि टेबलाखाली "परिणाम आढळला नाही" असं न लिहिता हेच लिहायचं.